रात्रीच्या फुटेजमधला पांढरा शर्ट

दिवेलागणीला घराबाहेरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याजवळ उभे राहिलात, तर एक बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. पाठोपाठ मोबाइलवरचं रंगीत चित्र कृष्णधवल होतं. कॅमेऱ्याच्या आत, भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये बसवलेली नखाएवढी काचेची गाळणी बाजूला सरकल्याचा हा आवाज. सकाळी उजाडलं की ती पुन्हा ‘टक्’ करून जागेवर येते.

ही गाळणी अडवते ते अवरक्त किरण. आपल्या डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश नीट दिसतो, त्यापलीकडे जवळजवळ काहीच नाही. त्यापलीकडेही काहीतरी आहे हे १८००मध्ये विल्यम हर्शेल यांच्या लक्षात आलं. लोलकातून पडलेल्या रंगपट्टीत लाल रंगाच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापीचा पारा चढला होता. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचा प्रकाश जाणवतो. म्हणजे त्याची नजर आपल्यापेक्षा लांबवर जाते. दिवसा हाच गुण आड येतो, उन्हातले अवरक्त किरण मिसळून रंग बिघडतात, म्हणून गाळणी. रात्री मात्र तोच गुण हवा असतो.

नुसती गाळणी काढून भागत नाही, कारण मिट्ट काळोखात सेन्सरपर्यंत पोहोचायला काही तरी हवं. त्यासाठी भिंगाभोवती एलईडी बसवलेले असतात. थोडक्यात, हा कॅमेरा स्वतःची बॅटरी घेऊन उभा असतो, फक्त तिचा झोत आपल्याला दिसत नाही. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत हे एलईडी ८५० नॅनोमीटरचे असतात. अंधारात त्यांच्याकडे पाहिलं तर मंद लालसर ठिपके दिसतात, म्हणजे चोरालाही कॅमेरा कुठे आहे ते कळतं. ९४० नॅनोमीटरचे एलईडी अजिबात दिसत नाहीत, पण तिथे सिलिकॉनची संवेदनक्षमता बरीच कमी होते आणि तेवढ्याच विजेत झोत कमी अंतरापर्यंत पुरतो. माझ्या मते घराच्या फाटकावर लालसर ठिपके दिसलेलेच बरे. कॅमेऱ्याचं निम्मं काम तो आहे हे कळण्यात असतं.

आता शर्टाचं. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी सूक्ष्म गाळणी असते आणि तिघींच्या नोंदींतल्या फरकावरून रंग ठरतो. ८५० नॅनोमीटरला मात्र या तिन्ही गाळण्या जवळपास सारख्याच पारदर्शक असतात. फरकच उरला नाही, तर रंग कुठून येणार? म्हणून चित्र कृष्णधवल. त्याहून मोठी गोम अशी की, कापड रंगवायला वापरले जाणारे बरेच रंग दृश्य प्रकाश शोषतात, पण अवरक्त प्रकाश परतवतात. त्यामुळे काळा टी-शर्ट रात्रीच्या फुटेजमध्ये फिक्कट राखाडी, कधी चक्क पांढरा दिसतो. अंगणातल्या झाडांची पानंही अशीच उजळ दिसतात, कारण हरितद्रव्य अवरक्त प्रकाश शोषत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पांढऱ्या शर्टवाला माणूस’ म्हणून क्लिप फिरू लागते, तेव्हा हे आठवावं. रात्रीच्या अवरक्त चित्रावरून अंगकाठी, चाल, वेळ सांगता येते. कपड्यांचा रंग नाही.

खोक्यावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं, तेही जरा जपूनच घ्यावं. अंतर दुप्पट झालं की पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. पाच मीटरवरच्या माणसावर जेवढा प्रकाश पडतो, त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच वीस मीटरवरच्या माणसावर. उलट कोणी अगदी जवळ आलं तर चेहरा पांढराफटक होऊन नाकडोळे पुसले जातात. काही कॅमेरे अशा वेळी एलईडीचा प्रवाह आपोआप कमी करतात. गाडीच्या नंबरप्लेटची गत आणखी वाईट. नव्या नंबरप्लेटा प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात, त्यामुळे पुष्कळदा आकड्यांच्या जागी नुसता लख्ख आयत दिसतो.

हाच झोत भिंगासमोरच्या कोळिष्टकावर पडला की सगळं चित्र धुरकट होतं आणि वाऱ्याने ते हललं की मध्यरात्री मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ असा इशारा येतो. पावसाळ्यात थेंबांच्या पांढऱ्या रेघा दिसतात, धुक्यात तर समोर भिंतच उभी राहते. कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवला तर त्याला स्वतःच्याच एलईडींचं प्रतिबिंब दिसत राहतं. वळचणीखाली लावताना बाजूची पांढरी भिंत चौकटीत येऊ देऊ नये, कारण तिच्यावरून उलटलेल्या प्रकाशाने बाकीचं अंगण काळवंडतं.

हा कॅमेरा अंगातली उष्णता टिपतो, असा समज बराच पसरलेला आहे. तसं नाही. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारे किरण मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपासचे असतात, एलईडीच्या प्रकाशापेक्षा दहापटींहून अधिक लांब. सिलिकॉनच्या सेन्सरला ते जाणवत नाहीत आणि साध्या काचेतून जातही नाहीत. ते टिपणारे थर्मल कॅमेरे वेगळे. त्यांची भिंगं बहुधा जर्मेनियमची, आणि किंमतही त्याच तोडीची.

शेवटी एक तक्रार, जी कॅमेरे बसवणाऱ्यांच्या कानावर नेहमी येते: दिवसा उत्तम चालणारा कॅमेरा अंधार पडला की बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. कॅमेरा बदलण्याआधी वायर आणि अ‍ॅडॉप्टर तपासावा. एलईडी पेटले की विजेची मागणी वाढते. वायर लांब आणि बारीक असेल, तर १२ व्होल्टपैकी बराच दाब वाटेतच खर्च होतो. उरलेल्यावर कॅमेरा तग धरत नाही. तो बंद पडताच मागणी घटते, दाब सावरतो, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पेटतात, आणि परत तेच. यावर इलाज म्हणजे जाड वायर, किंवा अ‍ॅडॉप्टर कॅमेऱ्याच्या जवळ आणणं.