भिंतीवर लावलेलं काम: पुण्यातल्या ग्राफिक डिझाइन शिक्षणाची पार्श्वभूमी

प्रवेशाच्या दिवसांत मुलांबरोबर आलेले पालक हमखास विचारतात, "सॉफ्टवेअर कुठली कुठली शिकवता?" मी त्यांना वर्गात नेते आणि भिंत दाखवते. पिनांच्या भोकांनी चाळण झालेला सॉफ्टबोर्ड. आठवड्यातून दोनदा इथे सगळ्यांची कामं शेजारी शेजारी लागतात आणि एकेका कामावर सगळ्यांदेखत बोललं जातं. ग्राफिक डिझाइन मुलं खरं शिकतात ती इथे. ही भिंत पुण्यात यायला बराच काळ जावा लागला.

त्याआधी शेजार होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली आणि तिथली रामपंचायतनाची, नाना फडणवीसांची रंगीत शिळाछाप चित्रं घराघरांत लागली. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगडावर चित्र उलटं, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसवायचा. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. असलं काम वाचून येत नाही, जाणत्याच्या शेजारी बसूनच येतं. पेठांमधल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांकडेही हीच रीत होती. पोराने आधी ब्रश धुवायचे, मग पाट्यांना सफेदा मारायचा, मग खडू लावलेली सुतळी ताणून रेषा झटकायच्या, आणि कधीतरी आखून दिलेल्या अक्षरात रंग भरायचा. हात तयार व्हायचा यात शंका नाही. पण 'असंच का?' हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

शाळा म्हणून कला शिकवणं मुंबईहून आलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ची. १८६६ च्या सुमारास तिथे तीन कार्यशाळा उभ्या राहिल्या: सजावटी चित्रकला, वास्तूवरचं शिल्पकाम आणि लोखंडी नक्षीकाम. शिल्पकामाची कार्यशाळा लॉकवुड किपलिंग यांच्याकडे होती. म्हणजे आपल्याकडे स्टुडिओची कल्पना जुनीच. कमर्शियल आर्टचा विभाग तिथे १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये उपयोजित, म्हणजे कमर्शियल, कलेची वेगळी संस्था झाली. पुण्यात टिळक रोडच्या 'अभिनव'सारख्या महाविद्यालयांतून शिकलेल्या कित्येक पिढ्या याच परंपरेतल्या. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग जी. डी. आर्ट ही सरकारी पदविका. स्मरणचित्र, वस्तुचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, हे ऋण मोठं आहे. तरी एक उणीव मला कायम जाणवली. परीक्षेत काम परीक्षकांकडे जातं आणि श्रेणी होऊन परत येतं. ते का जमलं, कुठे फसलं, यावर मुलासमोर कुणी बोलत नाही.

हे बोलणं आपल्याकडे रुजायला आणखी एक धागा कारणी लागला. जर्मनीत वायमारला १९१९ मध्ये बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली. तिथे सुरुवातीला कार्यशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक कारागिरीचा. त्याआधी सगळ्यांना पायाभूत अभ्यासक्रम: कागद, रंग, पोत, आकार हाताळून पाहायचे. शाळा १९३३ मध्ये बंद पडली, पण शिक्षक जगभर पांगले आणि पद्धतही. भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये डिझाइन शिक्षणावर अहवाल दिला. त्यात आपल्या साध्या लोट्यावर लिहिलेला मजकूर आजही वर्गात वाचावा असा आहे: लोटा धरायचा कसा, त्याचा तोल कुठे, ओतताना पाणी कसं पडतं, रिकामा किती जड, भरलेला किती. १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये पवईला आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र उभं राहिलं. आयडीसीत शिकवणारे र. कृ. जोशी जे. जे.त शिकलेले. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचाच. दोन्ही धागे अशा माणसांत एकत्र आले.

माझं शिक्षण ब्रोमाइड आणि पेस्ट-अपच्या, म्हणजे फोटो-कागदावरचा मजकूर कापून पानावर चिकटवण्याच्या, शेवटच्या दिवसांतलं. चुकलेला रफार ब्लेडने कापून, रबर सोल्युशन लावून, चिमट्याने नव्याने बसवायचा. आमचे लेटरिंगचे सर मूळ शीटला कधी हात लावत नसत. वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिलीने दुरुस्ती करत आणि तो कागद उचलून माझ्या हातात देत. आता दोन्ही बघ, म्हणत. एका 'ळ'साठी असे नऊ ट्रेसिंग मी जपून ठेवलेत.

पुढे सगळं झपाट्याने झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आली, संगणकावर भारतीय लिप्या उमटवणारं जिस्ट तंत्रज्ञान आलं, पुण्याच्याच 'श्रीलिपी' या सॉफ्टवेअरने छापखान्यांची खिळ्यांची पेटी सोडवली. २००४ मध्ये सिम्बायोसिसची आणि २००६ मध्ये लोणी काळभोरला एमआयटीची डिझाइन संस्था सुरू झाली. सबमिशनबरोबर ज्युरी, म्हणजे कामावर समोरासमोर बोलणारं परीक्षक मंडळ, हा शब्द पुण्यातल्या मुलांच्या तोंडी बसला. टेबलावरचे टी-स्क्वेअर जाऊन लॅपटॉप आले, आणि शेजारच्याचं काम दिसेनासं झालं. म्हणून भिंतीची गरज वाढलीच.

२०२० मध्ये कोरोनात वर्ग बंद झाले आणि ती भिंत गेली. आम्ही पडद्यावर कामं दाखवून बोलत राहिलो, पण पडद्यावर नाटकाचं पोस्टर आणि व्हिजिटिंग कार्ड एकाच मापाचं दिसतं. वर्ग परत भरले तेव्हा मी सगळ्यांना घरी केलेलं काम खऱ्या मापात छापून आणायला सांगितलं. एका मुलीने आपलं पोस्टर लावलं आणि बघत बघत मागे सरकत पार दारापर्यंत गेली. मी काही बोलणार, एवढ्यात ती परत भिंतीपाशी आली आणि शीर्षकाभोवती पेन्सिलीने दुप्पट मोठी चौकट आखू लागली.