ढोली नसलेलं रान

जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंगार दिसतं, पण ते सगळं रान नव्हे. कुठं ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ यांची जुनी सरमिसळ आहे, कुठं काजूच्या बागा, तर कुठं आकेशियाच्या सरळ रांगा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या पट्ट्यात काजूनं कित्येक घरं सावरली. भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही आणि वरकस जमिनीत काजू तगतो, त्यामुळे शेतकऱ्याला बोल लावणं मला पटत नाही. मात्र रान मोडून एकाच जातीची झाडं लावली की तिथल्या जिवांचं काय होतं, हे त्यालाही माहीत असायला हवं.

"गवे तर काजूतच फिरतात, मग बिघडलं कुठं?" असं लोक विचारतात. गवे फिरतात हे खरंच आहे. बोंडू पिकले की वानरं आणि उदमांजरंही बागेत येतात. पण हे सगळे मिळेल ते खाऊन निभावणारे प्राणी. शिवाय उघड्यावर आलेला गवा लगेच नजरेत भरतो. दाट रानातून हटलेला पक्षी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

धनेशाचं बघा. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. त्या फटीतून नर तिला आणि पिल्लांना आठवडेच्या आठवडे भरवतो. अशी ढोली व्हायला जाडजूड बुंध्याचं जुनं झाड लागतं: फांदी मोडते, तिथं बुरशी शिरते, आतला गाभा हळूहळू कुजतो. यात दशकं जातात. काजूचं झाड ठेंगणं, छाटून राखलेलं; आकेशिया आणि निलगिरी तर त्या वयाला पोहोचण्याआधीच तोडतात. खाण्याचंही तसंच. मिश्र रानात वड, उंबर, रानजायफळ अशी झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात, काजूचा हंगाम मात्र उन्हाळ्यापुरता. धनेश गेला की मोठ्या बियांच्या झाडांचा बी पेरणाराही जातो, आणि उरलेल्या रानात त्यांची नवी रोपं कमी उगवतात.

जमिनीवर काय होतं ते तर दिसतच नाही. पडलेल्या बिया वेचायच्या म्हणून काजूखालची झाडी बेणून साफ करतात. ऊन थेट मातीवर पडतं, पालापाचोळ्याखालची ओल उडते. त्या ओलीत देवगांडूळ राहतो. दिसायला गांडुळासारखा, पण बेडकाच्या गोतातला हा पाठीचा कणा असलेला प्राणी. चोर्ला परिसरातल्या अशा एका जातीची शास्त्रीय नोंद 2007 साली झाली आणि तिला म्हादई नदीचं नाव मिळालं. किती मोलाचं रान आहे हे!

याच तालुक्यातलं भीमगडचं रान 2011 साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये जगाला कळलं. कित्येक वर्षं ते फक्त इथंच आहे असं मानलं जायचं. पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. गुहेला संरक्षण मिळालं, पण हे वटवाघूळ किडे खाऊन जगतं आणि किड्यांना अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. काजूच्या मोहोरावर ढेकण्या या किडीसाठी मारलेलं औषध इतर किड्यांनाही मारतं. त्यात मधमाश्याही आल्या, आणि काजूची फळधारणा किड्यांवरच अवलंबून आहे.

वाट नाही असं नाही. कोडगू, चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत जिथं सावलीला देशी झाडं राखली, तिथं रानातले पक्षी जास्त टिकले. फक्त सिल्व्हर ओक लावला तिथं कमी झाले, असं अभ्यासकांना आढळलं आहे. काजूला भरपूर ऊन लागतं, म्हणून कॉफीची रीत जशीच्या तशी चालणार नाही. पण बांधावरचे ऐन, किंजळ आणि उंबर राखता येतात. ओढ्याच्या दोन्ही काठांवरची झाडी सोडली तर शेकरूला खाली न उतरता एका रानातून दुसऱ्या रानात जाता येईल. बिया झाडाखालीच पडतात, तेव्हा बेणणी तेवढ्याच घेरात पुरते. नवी लागवड आधीच उघड्या पडलेल्या माळावर करावी. आणि बागेच्या कडेला जुनं वठलेलं झाड असेल तर जळणासाठी कुऱ्हाड लावण्याआधी त्यात ढोली आहे का, तिचं तोंड लिंपलेलं आहे का, हे एकदा मान वर करून पाहावं.