फौजीच्या कागदांत कारभारणीचे नाव

कोल्हापूर जिल्ह्यात एखादा माजी सैनिक वारला की चौकातल्या फलकावर दोन गोष्टी हमखास लिहिल्या जातात: देशसेवा आणि प्रेमळ पती. पहिलीची नोंद पलटणीने ठेवलेली असते. दुसरीची तजवीज त्याने हयातीतच करून ठेवावी लागते. तिचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दगडी पाट्या बसल्या. या गावातून 1914 ते 1919 च्या युद्धात इतके लोक गेले, त्यापैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावे नाहीत, मग मागे राहिलेल्या बायकांचा उल्लेख कुठला! 29 एप्रिल 1916 ला मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूटची शरणागती झाली तेव्हा कैद झालेल्या सुमारे 13 हजारांत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणींचे जवान होते. 1919 मध्ये सैनिकांच्या कल्याणासाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. आजच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचे मूळ त्यात आहे. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी विलीन झाले आणि संस्थानची राजाराम रायफल्स पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आली. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या तर नावालाच सैनिक जोडला गेला.

साध्या आजाराने किंवा वयाने गेलेल्या पेन्शनरच्या पत्नीला आज मिळते ती कुटुंब पेन्शन 1 जानेवारी 1964 पासूनची. म्हणजे ज्या जवानांनी 1962 चे युद्ध पाहिले, त्यांच्या भरतीच्या वेळी ही सोय नव्हती.

संसाराचा हिशेबही वेगळाच. वार्षिक रजा 60 दिवस, नैमित्तिक 30. पूर्ण मिळाली तरी वर्षाला तीन महिने. 17 वर्षे नोकरी केलेल्या शिपायाच्या वाट्याला तेवढ्या काळात घरचे सव्वाचार वर्षेच येतात. खरा संसार पस्तिशीच्या आसपास, घरी आल्यावर सुरू होतो. लग्नाची नोंद मात्र नोकरीत असतानाच, रजेवरून परतल्यावर पलटणीच्या कारकुनाकडे जाऊन करायची. तिचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीचा लेखी नोंद-आदेश, निघतो आणि मग पत्नीचे नाव सर्व्हिस रेकॉर्डला चढते.

गडबड इथेच होते. लग्नात नाव बदललेले, घरी हाक तिसरीच, आणि लिहून घेणारा कारकून परप्रांतातला. शांताबाईची 'संताबाई' होते, जन्मतारीख अंदाजाने 1 जून पडते. डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या पुस्तिकेत) एक, पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) दुसरे, आधारवर तिसरे. नवरा असेपर्यंत कुणाचे काही अडत नाही. तो गेला की पहिल्याच अर्जाला हरकत लागते.

दुरुस्ती जिवंतपणी सोपी असते. जोडीचा फोटो, पत्नीचे आधार व पॅन आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून सैनिकाने स्वतःच्या सहीने अर्ज करायचा. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, पण तोफखाना, सिग्नल्स, इंजिनिअर्सवाल्यांचे त्यांच्या त्यांच्या केंद्रावर. कोल्हापूरचा म्हणजे बेळगाव, असे धरून पाठवलेले अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतात. 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत आलेल्यांनी तिथली पत्नीची माहितीही उघडून पाहावी. कागदावरची चूक बहुधा तिथेही जशीच्या तशी उतरलेली असते.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी. बँकेला आणि 'स्पर्श'ला लगेच कळवावे. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत वळती होते, आणि दुखवट्याच्या घरात ते पैसे तोवर खर्च झालेले असतात. खाते दोघांचे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला चालवू शकेल) असे असेल तर निम्मे काम आधीच झालेले.

रकमेबद्दल गैरसमज फार. सर्वसाधारण कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर 7 वर्षे किंवा सैनिक 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातले जे आधी येईल ते. सत्तरीत गेलेल्याच्या पत्नीला म्हणून थेट 30 टक्केच लागू होतात. 'सरकारने कापली' अशी तक्रार घेऊन ती कार्यालयात येते, कारण नवऱ्याने हे कधी सांगितलेलेच नसते. तिची 80 वर्षे पूर्ण झाली की 20 टक्के वाढ, 85 ला 30, 90 ला 40. ही वाढ रेकॉर्डवरच्या तिच्या जन्मतारखेवरून ठरते, म्हणून त्या अंदाजी 1 जूनकडे दुर्लक्ष करू नये.

आता फलकावरच्या पहिल्या गोष्टीकडे. संग्राम मेडल दिसले की '1971 च्या लढाईत आघाडीवर' असे ठोकून दिले जाते. ते मेडल सीमेलगतच्या राज्यांत त्या काळात सेवेत असलेल्या साऱ्यांसाठी होते. प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रासाठी 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' ही वेगळी पदके. 1965 चेही तसेच, रक्षा मेडल व्यापक, समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्राचा. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, डिसेंबर 1971 मध्ये जमालपूरला लढून ढाक्याला पोहोचली. आजोबा तिथे होते का, हे डिस्चार्ज बुकातल्या युनिट आणि तारखांवरून ताडून पाहता येते. डबीत सुटी मेडल असतील तर कड निरखावी. नंबर आणि नाव तिथे कोरलेले असते. पॉलिश करून करून ते पुसट होते, तेव्हा घासण्याआधी भिंगाखाली वाचून वहीत उतरवून घ्यावे.

पेन्शनपर्यंत न पोहोचता घरी आलेल्यांची सेवापुस्तके 25 वर्षांनी नष्ट केली जातात. अशा घरात डिस्चार्ज बुक हाच मोठा आधार उरतो. ते लॅमिनेट करू नये. जुना कागद आत पिवळा पडतो, पुढे शिक्का-सही लागली तर अडचण होते. स्कॅन करून मूळ प्रत कोरड्या डब्यात ठेवावी, आणि कुठे ठेवली ते मुलांआधी तिला सांगावे.