डिस्प्रॅक्सिया: वर्गातलं लक्ष जातं कुठे?

'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' डिस्प्रॅक्सिया असलेल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात हा शेरा वर्षानुवर्षं उतरत राहतो. मग घरी उपाय सुरू होतात: टीव्ही बंद, शुद्धलेखनाची जादा पानं, एका जागी बसायची सक्ती. याने फरक पडत नाही, आणि पडणारही नाही. या मुलांचं बरंचसं लक्ष नीट बसण्यात आणि पेन्सिल चालवण्यातच खर्ची पडतं. धड्यासाठी ते उरतं कुठे?

डिस्प्रॅक्सिया म्हणजे हालचालींचा मेळ घालायला शिकण्यातली, लहानपणापासूनची अडचण. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत अशी पाच-सहा असतात. बुद्धीचा इथे दोष नसतो आणि आळसाचा तर नाहीच.

फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या अशा मुलाकडे जरा वेळ नीट पाहा. धड सावरायला आधार हवा म्हणून पायांनी खुर्चीला विळखा घातलेला असतो. पेन्सिल इतकी दाबलेली, की मागच्या पानांवर वळ उठतात. दुसरा हात वही धरायचं विसरतो आणि वही सरकते. मान वर करून तीन शब्द वाचले, तर खाली येईपर्यंत ओळ हरवते आणि ओळ सापडेपर्यंत शब्द निसटतात.

हे कळायला अनुमस्तिष्काकडे, म्हणजे लहान मेंदूकडे जावं लागतं. मला विचाराल तर मेंदूतला हा सगळ्यात विलक्षण भाग. आकाराने मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, पण आपल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटींच्या आसपास एकट्या इथे आहेत. मोठा मेंदू हाताला हुकूम सोडतो, तेव्हा त्या हुकमाची एक प्रत इथेही येते. तिच्यावरून लहान मेंदू आधीच अंदाज बांधतो: बोट आता इथे पोचेल, कागदाचा स्पर्श असा लागेल. मग खरी संवेदना येते, अंदाजाशी ताडली जाते आणि चूक निघाली तर पुढचा अंदाज सुधारतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या यामुळेच, कारण त्या स्पर्शाचा अंदाज आधीच बांधून झालेला असतो.

अंदाज हवाच कशाला? डोळ्यांची बातमी उशिरा येते म्हणून. चूक पाहून हात वळवायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि सराईत हाताची अक्षरातली एक रेघ साधारण तेवढ्यात काढून होते. चुकीतून शिकण्याची रचना तर थक्क करणारी आहे. पुर्किंजे पेशी या इथल्या मोठ्या चेतापेशी. त्यांतल्या एकेकीला लाखाच्या घरात बारीक तंतू संदेश देतात, आणि शिवाय एकच आरोही तंतू तिला वेलीसारखा वेढून असतो. हा एकटा तंतू शिक्षकाचं काम करतो, अशी कल्पना संशोधक डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये मांडली. तो चेतला, की त्या क्षणी काम करत असलेल्या बारीक तंतूंच्या जोडण्यांची ताकद बदलते. पुढे प्रयोगांत या जोडण्या क्षीण होताना दिसल्याही.

डिस्प्रॅक्सियात ही अंदाज बांधण्याची यंत्रणा कच्ची राहते, असं अनेक संशोधक मानतात. मेंदूचे इतर भागही यात गुंतलेले असतात. अंदाज भरवशाचा नसला, की हात आपोआप चालत नाही. प्रत्येक अक्षर डोळ्यांनी पाहत, विचार करून काढावं लागतं. आणि जाणीवपूर्वक आपण एका वेळी जेमतेम चार गोष्टी मनात धरू शकतो. त्या जागा 'क'च्या वळणाने अडवल्या, तर बाईंचा प्रश्न शिरणार कुठून?

लहान मेंदूचं नाव निघालं, की तो 'जागा करणारे' महागडे कोर्स आणि एकाग्रतेच्या पावडरी विकणारे हजर होतात. अशा कोर्सनी किंवा पावडरींनी या मुलांचा अभ्यास सुधारतो याला भरवशाचा पुरावा नाही. ग्रहशांतीचं तर बोलायलाच नको. पुरावा आहे तो जे जमायला हवं त्याचाच थेट सराव करण्याला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणारे तज्ज्ञ, त्यासाठी मुलालाच ठरवायला लावतात: काय जमवायचं, कसं करायचं, करून पाहायचं, कुठे अडलं ते तपासायचं.

वर्गात आधी लक्षाचा हा खर्च वाचवा. पाय जमिनीला टेकावेत, टेबल कोपराच्या उंचीला असावं, वहीखाली न घसरणारं काही ठेवावं. फळ्यावरचा मजकूर छापून हातात द्यावा. माझ्या मते या एका गोष्टीने सर्वांत जास्त लक्ष मोकळं होतं. सूचना एका वेळी एकच. निबंध आधी तोंडी सांगू द्यावा, मग लिहायला लावावं, म्हणजे विचार आणि अक्षर एकाच वेळी सांभाळावे लागत नाहीत. मधूनच उठून चार पावलं चालायची मुभा असावी. विज्ञानाच्या उत्तराचे गुण अक्षरावरून कापू नयेत. टायपिंग लवकर सुरू करावं, कारण तेही या मुलांच्या हाताला बसायला वेळ लागतो.

एवढं करूनही, लिहायचं काहीच नसताना, नुसती गोष्ट ऐकतानासुद्धा लक्ष भरकटत असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं कठीण जाण्याच्या अवस्थेची, वेगळी तपासणी करून घ्या. डिस्प्रॅक्सिया असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना एडीएचडीही असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि नुसती टेबलाची उंची बदलून भागत नाही.