जुन्या गाडीवरच्या खुणा कारखान्यात कशासाठी पडल्या

स्प्रिंगवरचा रंगाचा पट्टा, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) खडूने घाईत लिहिलेला आकडा, नटावरचा रंगाचा ठिपका. यातली एकही खूण पुढच्या मालकासाठी नव्हती. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. पुढे एकाच लाइनवरून वेगवेगळी इंजिनं आणि स्प्रिंगा बसवलेल्या गाड्या निघू लागल्या. दिसायला सारख्या दोन स्प्रिंगांतली कुठली उचलायची, हे पट्ट्याचा रंग सांगे. नट नीट आवळल्याचं तपासलं की त्यावर ठिपका पडे.

इंजिन ब्लॉकवरचे आकडे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. उठावाचे आकडे साच्यातूनच येतात. त्यातला कास्टिंग नंबर डिझाइन सांगतो, तर तारीख ओतकामाचा दिवस. ठोकलेले आकडे मशिनिंगनंतरचे, म्हणजे ब्लॉक यंत्रावर कापून-घासून झाल्यावरचे. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर ‘सी १४ ७’ दिसलं तर तो १४ मार्च (‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी, असं पुढे), पण ‘७’ म्हणजे वर्ष १९५७ की १९६७, हे कास्टिंग नंबरवरूनच ठरवावं लागतं. फोर्डमध्ये वर्ष आधी येतं: ‘५ए१२’ म्हणजे १९६५ च्या गाडीत १२ जानेवारी. फोर्डने महिन्यांसाठी ‘आय’ वगळला, त्यामुळे तिथे ‘जे’ म्हणजे सप्टेंबर. जनरल मोटर्समध्ये तोच ‘जे’ ऑक्टोबर. ओतकामाची तारीख गाडी जुळल्याच्या नंतरची निघाली, तर तो ब्लॉक त्या गाडीचा मूळचा नाही.

शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनवर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या सपाट पॅडवर नंबर ठोकलेला असतो. त्या पॅडवर ब्रोचिंगच्या, म्हणजे कारखान्यात दातेरी हत्याराने पृष्ठभाग कापल्याच्या, बारीक समांतर रेघाही असतात. वर्कशॉपने डेक फेस (ब्लॉकचा हेड बसतो तो पृष्ठभाग) घासला की नंबर आणि रेघा दोन्ही जातात. म्हणून ब्लॉक मशिनिंगला देण्याआधी पॅडचे फोटो घ्या आणि पॅड वगळायला स्पष्ट सांगा. रेघा नसलेल्या गुळगुळीत पॅडवर ठळक नंबर दिसला, तर तो पुन्हा ठोकलेला असू शकतो.

गाडीची ओळख सांगणारा १७ अक्षरी क्रमांक (व्हीआयएन) अमेरिकेत १९८१ मॉडेलपासून आला. त्यात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ नसतात. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती, तेव्हा एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नका.

खडूच्या आणि क्रेयॉनच्या खुणा बऱ्याचदा तेलमाखल्या मळाखालीच टिकतात. वायर ब्रश, सँडब्लास्टिंग, प्रेशर वॉशर यांनी त्या क्षणात जातात. क्रेयॉन सॉल्व्हंटने विरघळतो, खडू पाण्याने पुसला जातो. म्हणून आधी प्लास्टिकच्या खरवडणीने मळ काढा, मग कोपऱ्यात बोटभर जागेवर मऊ ब्रशने चाचणी घ्या. खूण दिसली की तिरप्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पारदर्शक प्लास्टिकवर ती गिरवून घ्या. नव्या रंगावर ती पुन्हा काढताना स्टेन्सिल वापरू नका. लाइनवरच्या माणसाने एका फटक्यात मारलेला पट्टा वाकडा असे, कडेला ओघळलेला असे. तो तसाच हवा.