व्हार्निश चालू पण लॉग रिकामा: या भानगडीची पार्श्वभूमी

व्हार्निश, म्हणजे वेबसाइटपुढे बसून पानांच्या प्रती साठवून झटपट देणारा कॅशे सर्व्हर, चालू, साइट झकास पळतेय, आणि लॉगची, म्हणजे कोण कधी काय मागून गेलं त्या नोंदीची, फाइल बघावी तर शून्य बाइट. मी हे पाहिलं ते नेमकं महिन्याच्या एक तारखेला, मागच्या महिन्याचे आकडे मागितले गेले तेव्हा. पहिल्यांदा वाटतं काहीतरी फुटलंय. फुटलेलं काहीच नसतं, लॉग लिहिणारा प्रोग्रॅमच वेगळा असतो आणि तो चालू नसतो. आता कॅशे सर्व्हरने स्वतःचा लॉग स्वतः का लिहू नये, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बरंच मागून सुरू होतं.

वेब सर्व्हरच्या लॉगची जी ओळ आपण रोज बघतो ती १९९३ च्या आसपासची, इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेच्या एचटीटीपीडी सर्व्हरची. आयपी, आयडेंट (समोरच्या मशीनवरचा युजर), लॉगिन केलेला युजर, तारीख, रिक्वेस्ट, स्टेटस, बाइट्स, अशी सात खणांची ओळ. त्यातला आयडेंटचा खण जवळपास कोणीच वापरत नाही, तिथे कायम एक आडवी रेघ असते, तरी तो तिथून हललेला नाही. अपाचे १९९५ मध्ये याच सर्व्हरच्या कोडवर पॅचेस मारत उभा राहिला, त्यामुळे ही ओळ त्याच्याकडे आयतीच आली, पुढे रेफरर (कुठून आला) आणि युजर एजंट (कोणता ब्राउझर) जोडून तिला कम्बाइन्ड म्हणायला लागले, आणि आकडेवारी काढणारी सगळी टूल्स हीच ओळ वाचायला शिकली.

तोवर सर्व्हर एकच होता, त्यामुळे त्याचा लॉग म्हणजे संपूर्ण हिशोब. कॅशे मध्ये आला आणि गणित बिघडलं, कारण पान कॅशेतून दिलं गेलं तर मागच्या सर्व्हरला कोणी आलं होतं हे कळतच नाही. सुरुवातीला कॅशे वाचणाऱ्याच्या बाजूला असायचे, म्हणजे साइटवाल्याच्या हातात काहीच नाही. मग जाहिरातीचे हिट्स मोजायचेत म्हणून लोक मुद्दाम पानं कॅशे होऊ नयेत असे हेडर, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या सूचना, लावायचे, म्हणजे मोजण्यासाठी साइट स्लो करायची. उलटाच कारभार. यावर तोडगा म्हणून १९९७ मध्ये आरएफसी २२२७ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज निघाला, कॅशेने हिट्स मोजून मूळ सर्व्हरला कळवावेत असा, कल्पना चांगली होती पण चालली नाही. आणि जी रिक्वेस्ट मागे पोचायची तिच्यावरही आयपी कॅशेचाच, म्हणून एक्स फॉरवर्डेड फॉर हा हेडर आला, खरा आयपी पुढे कळवणारा, तो स्क्विड या कॅशे सर्व्हरवाल्यांनी काढलेला.

स्क्विड १९९६ चा, हार्वेस्ट प्रोजेक्टच्या कॅशेतून निघालेला. तो स्वतःच ॲक्सेस लॉग लिहायचा, हिट का मिस, म्हणजे कॅशेत सापडलं का नाही, तेही नोंदवायचा, आणि बरीच वर्षं सगळ्यांचं काम त्यावर भागलं. पण जो प्रोसेस पानं देतोय तोच डिस्कवर ओळी लिहितोय, म्हणजे डिस्क रेंगाळली की पानंही रेंगाळणार. स्क्विडनेही पुढे लॉग लिहायला वेगळा मदतनीस प्रोसेस देण्याची सोय केलीच.

व्हार्निशने मात्र हे पहिल्या दिवसापासूनच तोडलं. नॉर्वेच्या वेर्डेन्स गांग या वर्तमानपत्राला त्यांच्या साइटसाठी कॅशे हवा होता, आर्किटेक्ट होते फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे पॉल हेनिंग काम्प, आणि २००६ मध्ये १.० आलं. लॉगसाठी त्यांनी केलं काय, तर मेमरीत एक ठरावीक जागा घेतली, आताचा डिफॉल्ट ८० एमबी, आणि व्हार्निश त्यात गोल गोल फिरत लिहीत सुटतो. डिस्कची वाट बघणं नाही, दर ओळीला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाणं नाही. शेवटाला पोचला की परत सुरुवातीपासून, जुन्याच्या अंगावर नवीन. त्यामुळे अगदी बारीकसारीकही लिहायला परवडतं, प्रत्येक हेडर, कॅशेत सापडलं का, मागे गेलं का, किती वेळ लागला, सगळं. ज्याला हवं त्याने बाहेरून येऊन वाचावं. व्हार्निशलॉग कच्चा माल दाखवतो, व्हार्निशटॉप मोजणी दाखवतो, आणि व्हार्निशएनसीएसए त्याच मालातून ती १९९३ ची सात खणांची ओळ, रेफरर आणि युजर एजंट जोडलेली, बनवून फाइलीत टाकतो. प्रोग्रॅमच्या नावात एनसीएसए का, तर यामुळे.

यात एक मेख आहे. वाचणारा मागे पडला तर लिहिणारा त्याच्यासाठी थांबत नाही, ओव्हररनचा, म्हणजे लिहिणारा पुढे निघून गेल्याचा, मेसेज येतो आणि मधल्या ओळी गेल्या. वाचणारा मेलाच तर व्हार्निशला पत्ताही नसतो. मला ही डिझाइन पटते, लॉगपायी साइट बसण्यापेक्षा लॉग गेलेला परवडला, पण मग त्या वाचणाऱ्यावर लक्ष ठेवणं आपल्या गळ्यात येतं.

आणि तिथेच सगळी सर्व्हिसची गंमत. व्हार्निशएनसीएसएच्या कमांडला मोठा डी हा पर्याय लावला की तो बॅकग्राउंडला जातो, मोठा पी म्हणजे पिड फाइल, म्हणजे प्रोसेसचा नंबर ठेवणारी फाइल, डब्ल्यू म्हणजे कुठे लिहायचं, आणि छोटा ए म्हणजे असलेल्या फाइलीच्या पुढे लिही. हा ए विसरलात तर रिस्टार्टला आधीची फाइल साफ! जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटचंही तसंच, फाइलीचं नाव बदललं तरी प्रोसेस जुनीच फाइल धरून बसतो, त्याला सिगहप हा सिग्नल पाठवला की मग तो नव्याने उघडतो. ते न करता जुनी फाइल उडवली तर लिस्टमध्ये फाइल दिसत नाही आणि डिस्क मात्र भरतच जाते.

डेबियन या लिनक्सवर पूर्वी सर्व्हिस सुरू करणारी इनिट स्क्रिप्ट असायची आणि डिफॉल्ट फोल्डरातल्या फाइलीत चालू करायची एक ओळ, ती पुढे हॅशचं (#) चिन्ह लावून बंद ठेवलेली. हॅश काढला की काम झालं. मग सर्व्हिसेस सांभाळणारं सिस्टिमडी आलं, डेबियनवर २०१५ च्या जेसी आवृत्तीपासून तेच डिफॉल्ट, आणि त्याची युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल, ती जुनी फाइल बघतसुद्धा नाही, पण जुन्या सवयीने लोक तीच एडिट करत राहिले. मीही तेच केलं होतं. हॅश काढला, आता चालू असणार असं धरून महिनाभर निवांत. खरं तर सर्व्हिस एनेबल करायची होती, आणि फॉरमॅट बदलायचा तर सिस्टिमसीटीएल एडिटने ओव्हरराइड लिहायचा, त्यात आधी एक्झेकस्टार्टची, म्हणजे कोणती कमांड चालवायची ते सांगणारी, रिकामी ओळ आणि मग आपली, कारण रिकामी नसेल तर त्याला दोन कमांड दिसतात आणि तो सुरूच व्हायला नकार देतो.

एक तारखेला हे सगळं कळल्यावर व्हार्निशएनसीएसएला छोटा डी लावून, मोठा नाही, छोटा, मेमरीत जे शिल्लक होतं ते काढलं. शेवटच्या काही मिनिटांच्या ओळी निघाल्या, आख्खा महिना कधीच पुसला गेला होता.