स्टेट कम्प्लेंट की ड्यू प्रोसेस?

अमेरिकेत मुलाच्या आयईपीवरून (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने बनवलेला लेखी शिक्षण-आराखडा) शाळेशी बिनसलं की पालकांना हे दोन शब्द हमखास ऐकू येतात. दोन्ही आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यातल्या, दोन्ही 'तक्रारी'च. त्यामुळे भलताच अर्ज भरला जातो.

वाद नेमका कशाचा आहे ते आधी पाहा. आयईपीत आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं स्पीच थेरपी लिहिलीय, थेरपिस्ट नोकरी सोडून गेली आणि ११ आठवडे कोणी फिरकलंच नाही. म्हणजे ६६० मिनिटं बुडाली. इथे मतभेदाला जागाच नाही, ठरलेलं दिलं नाही एवढंच. अशा वेळी स्टेट कम्प्लेंट करावी. ती राज्याच्या शिक्षण खात्याकडे लेखी, सहीनिशी द्यायची आणि तिची प्रत डिस्ट्रिक्टलाही, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेलाही, पाठवायची (हे हटकून राहतं). वकील लागत नाही. खातं चौकशी करून साधारण ६० दिवसांत लेखी निर्णय देतं आणि बुडालेली थेरपी भरून द्यायला सांगू शकतं. मात्र घटना गेल्या वर्षभरातली हवी.

आता तुमचं म्हणणं असं, की दोनदा पुरत नाही, चारदा हवी. शाळा म्हणते दोनदा भरपूर झालं. हा ड्यू प्रोसेसचा मामला. हिअरिंग ऑफिसरपुढे (सुनावणी घेऊन निकाल देणारा तटस्थ अधिकारी) साक्षी-पुरावे होतात, जवळपास कोर्टच. मुदत सहसा २ वर्षं, काही राज्यांत वेगळी. अर्ज पोचल्यापासून १५ दिवसांत डिस्ट्रिक्टने तडजोडीची बैठक बोलवायची असते. तुम्ही तिला गेलाच नाहीत, तर ३० दिवसांनंतर डिस्ट्रिक्ट केस काढून टाकायची मागणी करू शकतं. अर्जात न लिहिलेला मुद्दा समोरच्याच्या संमतीशिवाय सुनावणीत काढता येत नाही, म्हणून अर्ज घाईत खरडू नये. पुरावे सुनावणीच्या किमान ५ कामकाजी दिवस आधी समोरच्याला द्यायचे. नाहीतर ते बाहेर ठेवले जाऊ शकतात.

एवढा खटाटोप करायचा तो मुख्यतः 'स्टे-पुट'साठी. शाळा मुलाला दुसऱ्या वर्गात हलवू पाहत असेल, तर ड्यू प्रोसेस चालू असेपर्यंत मूल सहसा आहे तिथेच राहतं. शिस्तभंगाच्या प्रकरणांत नियम वेगळे. स्टेट कम्प्लेंटने हे संरक्षण मिळत नाही.

एकच मुद्दा दोन्हीकडे घातला, तर सुनावणीचा निकाल लागेपर्यंत राज्य तो बाजूला ठेवतं. बाकीच्या मुद्द्यांची चौकशी मात्र ६० दिवसांच्या हिशेबाने चालूच राहते.